कुजबुजबाईंचे ओठ

नाटक कंपनीत एकदा नाव पडलं की ते आईबापांनी ठेवलेलं नाव खाऊन टाकतं. दिवे सांभाळणाऱ्याला सगळे 'अंधार' म्हणत, कारण पंधरा वर्षांपूर्वी भर प्रयोगात त्याने एकदा, फक्त एकदाच, चुकीचं बटण दाबलं होतं. त्याच न्यायाने विंगेतल्या खुर्चीत बसून नटांना त्यांची विसरलेली वाक्यं पुरवणारी जी प्रॉम्प्टर होती, ती 'कुजबुज'. तोंडावर कुजबुजबाई, पाठीमागे नुसती कुजबुज. तिला त्याचं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

ती कंपनीत आली होती नटी व्हायला. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. दोन पानी स्वगत तिने दिग्दर्शकांसमोर घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "किती दिवसांत पाठ केलंत हे?"

"आज सकाळी," ती अभिमानाने म्हणाली.

तिथेच घात झाला. कंपनीचा प्रॉम्प्टर नेमका त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेला होता. "पंधरा दिवस जरा संहिता धरून बसा," दिग्दर्शक म्हणाले, "मग बघू." त्या पंधरा दिवसांना आता अकरा वर्षं झाली होती.

अकरा वर्षांत तिने त्या एक हात मोडलेल्या खुर्चीत बसून, निळा कागद लावलेल्या दिव्याच्या उजेडात, सतरा नाटकं तोंडपाठ केली. आवाज असा बेताचा लावायची, की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला संशयही येऊ नये. तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे अण्णा, कंपनीचे मुख्य नट. वय सदुसष्ट, आवाज असा की शेवटच्या रांगेत डुलकी लागलेला माणूस दचकून जागा व्हावा, आणि स्मरणशक्ती म्हणजे निव्वळ चाळणी. अण्णांना मिळणाऱ्या टाळ्यांतल्या निम्म्या कुजबुजच्या होत्या. हे अण्णा मोठ्या मनाने कबूल करत, मात्र आजूबाजूला तिसरं माणूस नाही याची खात्री करून.

नवं नाटक दिग्दर्शकांनी स्वतःच लिहिलं होतं. वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला बाप मुलीच्या दारात येऊन उभा राहतो आणि माफी मागतो. बापाला पानंच्या पानं, मुलीला चार वाक्यं. बाकीचा सगळा वेळ तिने दारात उभं राहून ऐकायचं. मुलीचं काम करणाऱ्या नटीला पहिल्या प्रयोगाच्या नऊ दिवस आधी टीव्हीवरच्या मालिकेत बोलावणं आलं, आणि ती सगळ्यांना मिठ्या मारून, डोळे पुसून, चक्क निघून गेली. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले.

"कुजबुजला द्या की," शिडीवरून अंधार म्हणाला. "तिला पाठ आहे सगळं."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे दिग्दर्शक वळले. म्हणजे गाढव म्हणून कुजबुजला राग यावा असं काही नाही. तिला त्या क्षणी कोणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. अकरा वर्षांनी पंधरा दिवस संपले होते. तिने 'हो' इतक्या घाईने म्हटलं की दिग्दर्शकांचं विचारणं अर्धंच राहिलं.

मग प्रश्न आला, त्या खुर्चीत कोण बसणार? तो घरीच सुटला. कुजबुजच्या सासूबाई एका छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. "एकतीस वर्षं प्रुफं तपासली," त्या म्हणाल्या, "एकदाही ओळ सुटली नाही. मला काय सांगता?" दुसऱ्या दिवशी स्वतःची उशी आणि स्वतःची लाल पेन्सिल घेऊन त्या तालमीला हजर झाल्या. अण्णा रडण्याच्या प्रसंगात अगदी रंगात आले होते, तेवढ्यात विंगेतून खणखणीत आवाज आला, "पान अठरा. तुम्ही 'परंतु' गाळलात."

"बाई, मी रडतोय," अण्णा म्हणाले.

"रडा ना. 'परंतु' घेऊन रडा."

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. पहिल्या दोन तालमी नुसत्या बसून वाचण्याच्या झाल्या. तिसऱ्या दिवशी कुजबुज पहिल्यांदा रंगमंचावर, त्या लाकडी दाराच्या चौकटीत, दिव्यांखाली उभी राहिली. अण्णांनी माफीला सुरुवात केली. पाच मिनिटं झाली असतील, तिसऱ्या रांगेतून दिग्दर्शक ओरडले, "थांबा! कुजबुजबाई, काय करताय तुम्ही?"

"ऐकतेय."

"ऐकताय? तुमचे ओठ हलतायत!"

ती ते मान्यच करेना. शेवटी अंधाराने फोनवर चित्रण करून दाखवलं, आणि तिचं तोंड पाहण्यासारखं झालं. अण्णा बोलत होते आणि त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर तिचे ओठ न चुकता उघडत-मिटत होते. बरोबर नव्हे, अर्धा शब्द पुढेच. प्रॉम्प्टरला तसंच करावं लागतं. नव्याने सायकल शिकणाऱ्या पोराच्या शेजारून बाप पळतो ना, सीटला हात न लावता, पण पडलाच तर धरता यावं म्हणून, तसे तिचे ओठ अकरा वर्षं नटांच्या शेजारून पळत आले होते. विंगेतल्या अंधारात ते कोणाला दिसायचं कारण नव्हतं. तिला स्वतःलाही नाही.

"बाप म्हणतोय, मी चुकलो," दिग्दर्शक केस ओढत म्हणाले, "आणि ते मुलीने त्याच्या आधीच म्हणून टाकलंय! बाप माफी मागतोय का मुलगी त्याला सांगून मागून घेतेय?"

"मला काही त्रास होत नाहीये हं," अण्णा घाईघाईने म्हणाले. कुजबुजची बाजू घेण्याची त्यांची ही घाई तेव्हा कोणाला खटकली नाही.

दिग्दर्शक माणूस वाईट नव्हता, पण पहिला प्रयोग रविवारी दुपारी चारला होता आणि त्या प्रयोगाला चित्रपटांसाठी कलाकार निवडणाऱ्या एक बाई अण्णांना बघायला येणार होत्या. दिग्दर्शकांनी स्पष्टच सांगितलं. गुरुवारच्या तालमीपर्यंत ओठ थांबले तर काम कुजबुजचं. नाही तर त्यांच्या मित्राची मेहुणी तयार होती, तिने टूथपेस्टच्या दोन जाहिराती केल्या होत्या.

"तिला अभिनय येतो?" सासूबाईंनी विंगेतून विचारलं.

"दात दाखवता येतात," दिग्दर्शक म्हणाले, "म्हणजे ओठ मिटताही येतील."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. कुजबुजकडे मरायला वेळ नव्हता, फक्त तीन दिवस होते. तिने दातांत पेन्सिल धरून पाहिली. ओठ हलले की पेन्सिल कोणाच्या तरी गाण्याला ताल दिल्यासारखी वरखाली व्हायची. तोंडात पाण्याची चूळ धरून पाहिली. तिचं स्वतःचं वाक्य आलं तेव्हा ती चूळ अण्णांच्या शर्टावर गेली. मग रंगभूषाकाराने आपलं डोकं चालवलं. मिशा चिकटवायचा डिंक त्याच्याकडे बाटलीभर होता. त्याने तिच्या खालच्या ओठाला ब्रशने नाजूक हात दिला आणि म्हणाला, "राजाच्या मिशा याच्यावर तीन अंक टिकतात." टिकला की! अण्णांचं भाषण संपलं, मुलीने 'आत या' म्हणायचं, आणि दारातून नुसतंच 'म्म म्म' आलं. अंधार शिडीवरून पडता पडता वाचला. डिंक सोडवणारं औषध लावून ओठ सुटेपर्यंत अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात कुजबुजच्या डोळ्यांतून पाणी आलं ते काही औषधाच्या वासाने नव्हे. अकरा वर्षं जे काम मन लावून केलं, तेच आता पायात आलं होतं.

त्या संध्याकाळी घरी तिघं जेवायला बसली. कुजबुजचा नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक. भला माणूस, पण बोलायला सुरुवात केली की वाक्याच्या मधोमध थांबायचा, आणि पुढचा शब्द भिंगाखाली धरून तपासल्यासारखा बघत बसायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्यातल्या पहिल्या महिन्यातच कुजबुजने त्याची वाक्यं पूर्ण करायला घेतली होती आणि त्यानेही ते काम सुखाने तिच्याकडे सोपवलं होतं.

"आज जरा डोकं..." तो म्हणाला.

"दुखतंय. गोळी घ्या, कपाटात आहे," ती म्हणाली.

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "सूनबाई, तू घरीसुद्धा तेच करतेस."

"काय?"

"त्याला बोलूच देत नाहीस. छापखान्यात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे, पुढचा शब्द काय असणार हे मनात आलं की समजायचं, आपण वाचणं थांबवलंय. तुला पुढचं सगळं आधीच माहीत असतं. मग ऐकायला उरतं काय?"

कुजबुजला ते झोंबलं. खरं असलं की जरा जास्तच झोंबतं. दिवसभराची रडकुंडीला आलेली ती तिरीमिरीत म्हणाली, "ठीक आहे. गुरुवारपर्यंत मी यांचं एकही वाक्य पूर्ण करणार नाही. जीभ तुटली तरी."

नवऱ्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "डोकं दुखत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "डोकं... विंचरायचं राहिलं होतं, असं म्हणणार होतो."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवताना तो म्हणाला, "आज दुकानात एक म्हातारे..." आणि थांबला.

एरवी कुजबुजने लगेच 'आले आणि जुना चष्मा घरीच विसरले' असं काहीतरी ठोकून दिलं असतं, आणि तसं झालेलं असो वा नसो, तो 'हो' म्हणाला असता. आज ती मूग गिळून बसली. नळाचं पाणी टपटपत होतं ते ऐकू येऊ लागलं. नवरा तिच्याकडे अपेक्षेने बघत होता.

"पुढे?" शेवटी त्यानेच विचारलं.

"मला काय माहीत? दुकानात तुम्ही होतात."

"हो, पण नेहमी तूच..." तो पुन्हा अडकला. सासूबाईंनी हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. कुजबुजने टेबलाखाली स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. बऱ्याच वेळाने, दुसरीकडेच बघत, तो बोलला. "...आले. पंच्याऐंशीचे असतील. बायकोला घेऊन. नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, अगं, तू कधी म्हातारी झालीस? तर ती म्हणाली, तुम्ही हा चष्मा परत करा."

तिघंही इतकी हसली की शेजारच्यांनी भिंत ठोकली. हे कुजबुजने लावलेल्या कुठल्याही शेवटापेक्षा चांगलं होतं. चौदा वर्षांत असे किती शेवट तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकले असतील, कोण जाणे.

"आणि एक सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "तुझे ओठ हलले नाहीत. मी बघत होते."

बुधवारी तो स्वतःहून बोलायला बसला. सासूबाई आतल्या खोलीत संहितेतले स्वल्पविराम तपासत होत्या. "मी दर रविवारी दुपारी..." तो म्हणाला.

दुकान आवरायला थांबतो, कुजबुजच्या मनात आलं. तो तेच सांगत आला होता, वर्षानुवर्षं. ती गप्प राहिली.

"...दुकानात नसतो."

"मग कुठे असता?"

"तुमच्या थिएटरात. शेवटच्या रांगेत." त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "तिकीट काढून. उगीच तुला वाटायचं की फुकट."

"सगळे प्रयोग?"

"जमतील तेवढे."

"पण शेवटच्या रांगेत का? मी ओळख लावून चांगली जागा दिली असती. आणि तिथे तर माझा आवाजही पोचत नाही."

"पोचत नाही. पण अण्णा अडकतात. सगळं थिएटर श्वास धरून बसतं. आणि मग अण्णा सुटतात. तेव्हा मला कळतं..." तो थांबला. ती वाट पाहत राहिली. "...की ती तू. लोकांना वाटतं, काय थांबला नट! मला एकट्यालाच माहीत असतं. आणि पुढे बसून काय करू? तू कुठे दिसतेस?"

जिच्यापाशी जगातल्या सगळ्या नटांची वाक्यं तयार असायची, तिच्याकडे स्वतःचं एकही निघेना. तिने त्याच्या हातातला चष्मा घेतला आणि आपल्या ओढणीने पुन्हा एकदा पुसून दिला.

गुरुवारी दाराच्या चौकटीत उभी राहताना तिने एवढंच केलं. अण्णांकडे तिने नवऱ्याकडे बघावं तसं बघितलं. हा माणूस आता काय बोलेल ते आपल्याला माहीत नाही. तेच बोलेल कशावरून? आज वेगळंच काहीतरी सांगेल. डिंक नाही, पेन्सिल नाही, आणि ओठ आपापल्या जागी शांत. दिग्दर्शक तिसऱ्या रांगेतून चौथ्या रांगेत गेले, परत दुसऱ्या रांगेत आले, आणि शेवटी म्हणाले, "मेहुणीला कळवून टाकतो. रविवारी असंच झालं तर काम तुमचं."

मात्र त्या तालमीत अण्णा तीन वेळा अडकले. तिन्ही वेळा सासूबाईंनी वाक्य पुरवलं, तरी चहाच्या वेळी अण्णा कुजबुजच्या शेजारी येऊन हिरमुसल्या तोंडाने बसले. "तू ओठ मिटलेस आणि माझे हातपायच गळाले बघ," ते म्हणाले. "ते दोन दिवस काय सुखाचे होते! नुसतं तुझ्याकडे बघायचं आणि वाचत जायचं."

"म्हणजे तुम्ही माझे ओठ वाचत होतात?"

"मग काय, पाठ होतं म्हणून बोलत होतो?"

"काळजी करू नका," सासूबाई उशी झटकत म्हणाल्या. "मी आहे. एकतीस वर्षं..."

"एकही ओळ सुटली नाही," अण्णा आणि कुजबुज एकदमच म्हणाले.

रविवार आला. दुपारी चारला थिएटर भरलं. दिग्दर्शक नेहमीप्रमाणे तिसऱ्या रांगेत, त्यांच्या शेजारी चित्रपटवाल्या बाई. पडदा वर गेला तेव्हा कुजबुजची पाचावर धारण बसली होती, पण दार उघडून पहिलं वाक्य म्हटलं, "कोण हवंय?", आणि तिचा आवाज, पूर्ण मोकळा आवाज, थिएटरभर गेला तेव्हा तिची तिलाच गंमत वाटली. अकरा वर्षांत या इमारतीत प्रेक्षकांसमोर ती पहिल्यांदा मोठ्याने बोलत होती.

दुसरं वाक्य झालं, तिसरं झालं. अण्णांची माफी सुरू झाली. ते बोलत होते आणि ती ऐकत होती, आणि थिएटरात कोणी खोकतही नव्हतं. अण्णा म्हणाले, "त्या दिवशी मी निघालो तेव्हा..." आणि थांबले.

पहिल्या क्षणाला लोकांना वाटलं, काय थांबला नट! कुजबुजला मात्र कळलं. अण्णांचा उजवा अंगठा कोटाच्या बटणावर फिरायला लागला होता. अकरा वर्षांत तो अंगठा कधी खोटं बोलला नव्हता. आता विंगेतून आवाज येईल. आला नाही. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. निळ्या उजेडात सासूबाई बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, संहिता मांडीवर कुठल्यातरी मागच्याच पानावर, आणि पदराने डोळे पुसत त्या कौतुकाने एकटक सुनेकडे बघत होत्या. कुठली ओळ आणि कुठलं पान!

अण्णांची नजर कुजबुजच्या ओठांवर आली.

वाक्य तिला माहीत होतं. 'त्या दिवशी मी निघालो तेव्हा तू झोपली होतीस.' एवढंच. ते तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. ओठ जरासे हलवले असते की काम झालं असतं. अण्णांची लाज राहिली असती, तिसऱ्या रांगेतून दिग्दर्शकांनी ते बघितलं असतं आणि उद्यापासून ती पुन्हा त्या मोडक्या खुर्चीत बसली असती. आणि नाही हलवले तर? सदुसष्ट वर्षांचा नट भरल्या थिएटरात उघडा पडला असता, तोही तिच्यासमोर. तिला ते बघवलं नसतं. ओठ सुटायला लागले, हे तिला जाणवलं.

मग तिला जेवणाचं टेबल आठवलं. नळाचं टपटपणं आठवलं. तिने वाक्य जिभेवरून परत पोटात ढकललं, दाराची चौकट सोडून एक पाऊल पुढे आली, बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि संहितेत कुठेही नव्हतं ते हलकेच बोलली, "सांगा ना. मला नाही माहीत."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. अंगठा बटणावरून खाली आला. त्यांचे खांदे पडले, आणि जो आवाज आला तो शेवटच्या रांगेला दचकवणारा नव्हता, साध्या थकलेल्या माणसाचा होता.

"दारापर्यंत सगळं पाठ होतं गं," ते म्हणाले. "रस्ताभर घोकत आलो. तुझं तोंड बघितलं... आणि सगळं विसरलो."

ते खरंच विसरले होते, त्यामुळे डोळ्यांत आलेलं पाणीही खरंच होतं. अण्णा आता काय बोलतील ते कुजबुजला माहीत नव्हतं, आणि या वेळी ते सोंग नव्हतं. ती नुसती उभी राहिली. माफीची अजून चार पानं शिल्लक होती, पण आता त्यांत मागायचं काय उरलं होतं? तिने दार पूर्ण उघडलं आणि आपलं चौथं, शेवटचं वाक्य म्हटलं.

"आत या."

अंधाराने कोणाला न विचारता दिवे मालवले, आणि पंधरा वर्षांत त्याचं एवढं बरोबर बटण कधी लागलं नव्हतं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात.

आत सासूबाई खुर्चीजवळ उभ्या होत्या, चोरी पकडल्यासारख्या. "सुटली," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांनी ओळ सुटली माझी. मेली मी, तुझ्याकडेच बघत बसले." कुजबुजने त्यांना घट्ट मिठी मारली. दिग्दर्शक धावत आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता आग पाखडतात. त्यांनी संहिता उचलली, चार पानं टर्रकन फाडली आणि सासूबाईंच्या हातात पेन्सिल दिली. "लिहून घ्या. अण्णा, परत म्हणा काय म्हणालात ते. दर प्रयोगाला हेच."

"परत?" अण्णांचा चेहरा पडला. "विसरलो की."

"दारापर्यंत सगळं पाठ होतं गं," कुजबुज म्हणाली, आणि सगळे हसले.

चित्रपटवाल्या बाई आल्या तशी अण्णांनी कॉलर नीट केली. "तुमचं ते विसरणं," बाई त्यांना म्हणाल्या, "किती दिवस बसवलंत?"

"अकरा वर्षं," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

बाईंनी त्यांच्या हातात आपलं कार्ड ठेवलं, 'आजोबांच्या कामाबद्दल उद्या बोलू' म्हणाल्या, आणि कुजबुजकडे वळल्या. "ते वाक्य येणार हे तुम्हाला ठाऊक नव्हतं ना? चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या चित्रपटात एक बहीण आहे. भाऊ पूर्ण प्रसंगभर बोलतो, ती ऐकते. कॅमेरा सगळा वेळ तिच्यावर. करणार?"

"करेन," कुजबुज म्हणाली. मग जुनी सवय बोललीच. "संहिता कधी मिळेल?"

"तुमची सात वाक्यं उद्या. भावाची मुळीच देणार नाही."

बाहेर पडल्या तेव्हा अजून उजेड होता. सासूबाई उशी काखेत मारून पुढे चालल्या होत्या, दिसेल त्या पाटीवरच्या चुका मोठ्याने काढत. नवरा थिएटरच्या दारापाशी उभा होता. तो तिच्याबरोबर चालू लागला.

"मी आज..." तो म्हणाला आणि थांबला.

ती थांबली. एक बस आली, माणसं उतरली, बस गेली. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं, त्यांना राहवेना, त्यांनी वाक्य पूर्ण करायला तोंड उघडलं. कुजबुजने आपल्या ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं.

"मी आज," तो म्हणाला, "पहिल्या रांगेत बसलो होतो."